‘दोन वर्षांनंतर मणक्याचं काही बदलत नाही’ हे खोटं आहे

“मणक्याला मार लागून दोन वर्षं झाली की पुढे काही बदलत नाही. नंतरच्या मुंग्या, दुखणं म्हणजे मनाचे खेळ. एमआरआयवर पैसे घालवू नका. डोकं दुखलं तर पेशंटला आडवं करा.” हा मजकूर महिन्याभरात मला चार ग्रुपवर आला. व्हीलचेअरवरचं माणूस ज्या घरात आहे तिथे तो जीवावर बेतू शकतो, म्हणून लिहितेय.

‘काही बदलत नाही.’ सुधारणा बरीचशी पहिल्या वर्षात होते, हे खरं. पण सुधारणा मंदावली म्हणजे बिघाडही थांबला असं नाही. माझा भाऊ आंब्यावरून पडला त्याला अकरा वर्षं झाली होती. एका सकाळी तो गरम आमटीची वाटी उजव्या हातात धरून बसला होता. बोटं लाल झालेली. वाटी हातात आहे हे कळत होतं, चटका कळत नव्हता. निदान झालं सिरिंगोमायलियाचं. जखमेच्या जागी व्रण धरतात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी वाढत वर सरकते. काही महिन्यांनी होऊ शकतं, वीस-तीस वर्षांनीही.

‘मनाचे खेळ.’ खोकताना-शिंकताना वाढणारी कळ, हातातली ताकद जाणं, एकाच बाजूला घाम येणं ही मनाची लक्षणं नव्हेत. व्हीलचेअर ढकलून मनगटातली नस दबली तरी मुंग्या येतात, हे मान्य. पण पोकळी आहे की नाही हे एमआरआयशिवाय कळणार कसं? ऑपरेशनने बहुतेकदा वाढ रोखता येते. गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. उशीर म्हणूनच महागात पडतो.

‘आडवं करा.’ हे सगळ्यात घातक. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर लघवीची नळी तुंबली, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. भावाचं वरचं बीपी एरवी १०० असतं. त्याच्यासाठी १४० म्हणजे धोका. आडवं केलं तर ते आणखी चढेल. आधी बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, नळीला पीळ पडलाय का बघा. तरी उतरलं नाही तर तडक दवाखाना.

आम्ही हे सगळं कागदावर लिहून त्याच्या खुर्चीच्या पाठीला लावलंय. मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तोच कागद आधी वाचला.