नावं पुसू नका : एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की विज्ञानाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं जमवताना मी नाव लिहिलेल्या, 'सप्रेम भेट'वाल्या, मार्जिनमध्ये गिचमिड केलेल्या प्रतीच शोधत बसतो ही निव्वळ व्यक्तिपूजा आहे, मजकूर तर स्कॅनमध्ये फुकट मिळतो, आणि पेनाने लिहिलेलं पुस्तक म्हणजे खराब झालेलं पुस्तक. तुम्ही स्वतः तर जुनं पुस्तक आणलं की आधी पेन्सिलीची नावं पुसता.

स्कॅनचं कबूल, वाचायला मीही स्कॅनच वापरतो, नाजूक पानं सारखी उलटायची नसतात. पण लेखकाने काय लिहिलं तेवढंच मजकुरातून कळतं हो, ते कोणी वाचलं, कुठे अडलं, कुठे पटलं नाही हे त्या एकाच प्रतीवर असतं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक घ्या. आर्थर कोस्टलर या लेखकाने १९५९ मध्ये छातीठोकपणे लिहिलं की हे कोणी वाचलंच नाही. मग १९७० मध्ये ओवेन गिंगरिच या खगोलशास्त्रज्ञाला एडिंबराच्या वेधशाळेत एक प्रत दिसली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपणांनी भरलेली, आणि ती निघाली एरास्मस राइनहोल्डची, म्हणजे त्या काळातल्या बड्या खगोलज्ञाची! गिंगरिच मग तीस वर्षं देशोदेशी फिरून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या जवळपास ६०० प्रतींचा माग काढत राहिला, आणि त्याला दिसलं की एकाची टिपणं दुसऱ्याने, गुरूची शिष्याने, आपापल्या प्रतीत जशीच्या तशी उतरवून घेतलीयत. विचार कोणाकडून कोणाकडे गेला ते चक्क दिसतं त्यात. सगळ्या प्रती कोऱ्या असत्या तर कोस्टलरला खोडणार कशाने?

तुमच्यासारखाच विचार करून पूर्वी बाइंडर पानं धुऊन शाई घालवायचे, नव्याने बांधताना कडा छाटायचे. अर्धी टिपणं अशी कापली गेलेली प्रत हातात आली की फार वाईट वाटतं.

व्यक्तिपूजेचं मात्र निम्मं बरोबर आहे तुमचं. नुसत्या सह्यांच्या मागे लागलं की माणूस फसतो. गॅलिलिओच्या १६१० च्या 'सिडेरियस नुन्सियस'ची, म्हणजे दुर्बिणीतून काय दिसलं ते सांगणाऱ्या पुस्तकाची, त्याची सही असलेली, चंद्राची चित्रं हाताने रंगवलेली प्रत २००५ मध्ये बाजारात आली, तज्ज्ञांनी अस्सल ठरवली, आणि २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराने ती अख्खी बनावट असल्याचं दाखवून दिलं. डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या पुस्तकाच्या भेट-प्रतींवर 'लेखकाकडून' असं जे लिहिलेलं असतं तेही प्रकाशकाच्या क्लार्कचं अक्षर आहे, डार्विनचं नाही.

माझी सगळ्यात लाडकी प्रत कोणा मोठ्या माणसाची नाहीच. पहिल्या पानावर शिक्षकाने विद्यार्थ्याला दिल्याच्या दोन ओळी, आत पेन्सिलीने विचारलेले प्रश्न, आणि त्यांच्याच खाली त्याच अक्षरात पण शाईने, बहुतेक बऱ्याच वर्षांनी लिहिलेली उत्तरं. दोन प्रश्न तसेच राहिलेत, त्यांच्याखाली जागा सोडलीय. यात पूजा कोणाची?

एवढंच मागणं आहे, ते खोडरबर बाजूला ठेवा. अगदी राहवलंच नाही तर पुसायच्या आधी त्या पानाचा फोटो काढा, आणि जमलं तर मला पाठवा.