डिस्चार्जनंतरची वर्षे

सोलापूरच्या आमच्या कुटुंबात सध्या एक वाद रंगला आहे. आजारपणात आपली माणसे जवळ हवीत, परदेशात राहणे म्हणजे स्वतःहून पोरके होणे, असे थोरले काका म्हणतात. होटगी रोडवरच्या एका खासगी रुग्णालयाची बिले भरून थकलेला चुलतभाऊ म्हणतो की माणसे डबा आणतील, पण बाकीचे सरकारनेच पाहिले पाहिजे. माझ्या पत्नीला जर्मनीत एन्सेफलायटिस, म्हणजे विषाणूमुळे मेंदूला सूज आल्यापासून दोघेही आमचेच उदाहरण देतात.

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणाऱ्या या आजारावर ॲसायक्लोव्हिर शिरेतून दोन ते तीन आठवडे द्यावे लागते, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. औषध भारतातही तेच आहे. खरा प्रश्न रुग्ण घरी आल्यावर सुरू होतो, कारण हा विषाणू बहुधा कानशिलाच्या आतल्या, स्मरणाशी जोडलेल्या भागालाच इजा करतो. पत्नी चालते, बोलते, पाहुण्यांशी हसते; पण सकाळी गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की ती चिडते आणि अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर तिला झोपावेच लागते. पाहुण्यांना ती बरी दिसते, आणि दिसण्यावर विश्वास ठेवून ते निघून जातात.

काकांचे म्हणणे पहिल्या काही आठवड्यांपुरते मला पूर्ण मान्य आहे. सिव्हिलच्या आवारात रात्र काढणारे नातेवाईक मला इथे कुठून मिळणार? तिची मराठी परत आणली तीही इथल्या वाचा-उपचारतज्ज्ञाने नव्हे, तर व्हिडिओ कॉलवर मसाल्याचा डबा उघडून एकेक नाव विचारणाऱ्या सासूबाईंनी. मात्र महिन्याभरात चौकशीचे फोन थांबले आणि ‘थोडे दिवस माहेरी पाठव’ हा सल्ला सुरू झाला. नवरा आजारी असता तर असा सल्ला कोणी दिला असता का? माझी एक आत्या पाच्छा पेठेत राहते. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला तिने कित्येक वर्षे सांभाळले आणि त्या काळात तिचे बिड्या वळणे जवळजवळ बंद पडले. तिला कोणी देवमाणूस म्हटले नाही. मला मात्र चार गोळ्या मोजून दिल्याबद्दल तो मान मिळतो, आणि त्याचा मला संकोच वाटतो.

जर्मनीतही सारे सुखाचे नाही. न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळायला महिने लागतात आणि अर्जांना अंत नसतो. तरी इथल्या शुश्रूषा विम्याने, म्हणजे दीर्घकाळ सांभाळ लागणाऱ्यांसाठीच्या विम्याने, २०१७ मध्ये केलेला एक बदल मला मोलाचा वाटतो. त्याआधी रुग्णाला आंघोळ घालायला, भरवायला किती मिनिटे लागतात यावरच मदत मुख्यतः ठरत असे. आता मदतीची गरज किती यानुसार पाच श्रेणी ठरवताना स्मृती आणि वागणूकही तपासली जाते. शिवाय दुसऱ्या किंवा वरच्या श्रेणीच्या रुग्णाला आठवड्यातून किमान १० तास सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचा पेन्शनचा हप्ता, त्याची स्वतःची नोकरी ३० तासांहून अधिक नसेल तर, विमा निधी भरतो.

यावर काकांचा आक्षेप असा, की बायकोची सेवा करायला पैसे कसले घ्यायचे. पण आपल्या संसदेने २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात काळजीवाहकाची व्याख्या करताना विनामोबदला सांभाळणाऱ्या कुटुंबीयांचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. हे कलम आमच्या घरच्या वादात एकदाही निघालेले नाही. चुलतभावाने सरकारकडे मोघम सोयी मागण्यापेक्षा हा भत्ता मागावा, आणि त्यासाठीच्या तपासणीत हातापायांच्या बळाबरोबर विसरणेही मोजले जावे असा आग्रह धरावा. बिडी कामगार बाईच्या मजुरीतून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. तीच बाई नवऱ्याच्या आजारपणामुळे घरी बसली तर त्या वर्षांचा हप्ता सरकारने भरायला काय हरकत आहे?