मुंबईला संस्कृती नाही म्हणे!

परवा सकाळी मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘मुंबई : पैसा आहे, संस्कृती नाही’ असं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. इंग्रज येण्याआधी तिथे नुसती ओसाड बेटं होती. समाजसुधारणा आणि स्वातंत्र्याची चळवळ सगळी पुण्यात झाली, मुंबईने फक्त धंदा केला. गिरणी कामगार पोट भरायला आले, दारू प्यायले, संप करून शहर बुडवलं, त्यांना कसली आलीय संस्कृती. सिनेमाने पिढ्या बिघडवल्या. आणि मुंबई मुळात मराठी कधी नव्हतीच. शेवटी नेहमीचं, ‘सत्य कडू असतं, पुढे पाठवा’.

हा मेसेज मला आधी तिघांकडून आला होता, तिन्ही वेळा सोडून दिला. पण मावशीने पाठवावा? लालबागच्या चाळीत एका खोलीत वाढलेली, गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, जन्म काढलेल्या माणसाची मुलगी ती. तिसरा मुद्दा तिच्या बापाबद्दल आहे आणि तिनेच तो हात जोडून पुढे ढकललाय. म्हणून आधी तिसराच घेतो.

पोट भरायला आले, हे खरंच आहे. कोकणातून आले, घाटावरून आले. दारूचे गुत्तेही होते आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजवाला उभा असायचा. ते नाकारून मला काही मिळवायचं नाही. प्रश्न असा, की पोट भरायला आलेल्या या माणसांनी आणखी काय केलं.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मेसेज लिहिणाऱ्याने ऐकलेलं दिसत नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी. पुण्यात निघालेलं ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र त्यांनी 1880 साली मुंबईत आणून चालवलं आणि 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, देशातली पहिली. तेव्हा गिरणीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम आणि आठवड्याची हक्काची सुटी नाही. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला सभा झाली. दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. 1890 साली! तेव्हा शिकल्यासवरल्या घरातल्या किती बायका चारचौघांत तोंड उघडू शकत होत्या, हे मेसेजवाल्याने सांगावं. त्याच वर्षी 10 जूनला मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. (याच तारखेवरून ‘भारताला रविवारची सुटी मिळाली तो दिवस’ असाही एक मेसेज फिरतो. तोही अर्धवट. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता, गिरणीतल्या माणसाला नव्हता.)

1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच माणसांनी एका वर्षाला एक दिवस असा हिशोब धरून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळक पुण्याचे, संप मुंबईचा. मेसेजमध्ये टिळकांचा फोटो आहे, संप नाही.

आणि संस्कृतीच हवी असेल, तर वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला, गिरणीत राबलेला एक माणूस होता. अण्णाभाऊ साठे. 1944 साली त्यांनी अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीची त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून गाजली. नाक्यावर, मैदानात, कंदिलाच्या उजेडात हजारो माणसं उभ्याने ऐकायची. याला संस्कृती म्हणायचं नाही, तर मग तिकीट काढून बसल्यावरच ती सुरू होते का?

आमच्या आजोबांच्या खोलीत मावशीच्या लहानपणी गाववाले धरून अकरा माणसं होती. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून जागा पुरायची. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. बाकीचे खानावळीत जेवायचे. त्या खानावळी चालवायच्या गिरणगावातल्याच बायका. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ बांधलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेच्या दारात उभं राहता आलं. अशा खोलीत शनिवारी रात्री भजन असायचं. पखवाज खुंटीवर, टाळ ट्रंकेत. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायला भिजवलेल्या कणकेचा गोळा लागतो. तो बाजूला काढून ठेवायचं काम आजीने कोणाला दिलं होतं, हे मावशी, तूच आम्हाला शंभरदा सांगितलंस.

राहिला संप. 18 जानेवारी 1982 चा. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि बहुतेक परत आत गेलीच नाहीत. तो ताणायला नको होता, असं आजोबाही शेवटी म्हणायचे आणि आमच्या घरात त्यावरून अजून भांडण होतं. पण शहर त्यांनी बुडवलं? गिरण्यांच्या जागेवर आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. बुडालं कोण, ते लोअर परळला उतरून वर बघितलं की कळतं.

आता पुणं. मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागतं आणि करताना जिवावर येतं. मुलींची शाळा फुल्यांनी भिडेवाड्यात काढली, 1848 साली, पुण्यात. सत्यशोधक समाजही 1873 साली पुण्यातच. पण त्याच जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी कुठे दिली? मुंबईत, मांडवी कोळीवाड्यात, 11 मे 1888 ला. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली काढलं, तेही मुंबईत. आणि काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तर पुण्यालाच ठरलं होतं. पुण्यात कॉलरा पसरला म्हणून 1885 च्या डिसेंबरात ते मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. ही काही मुंबईची कर्तबगारी नव्हे, पण ‘सगळं पुण्यात झालं’ म्हणणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आणि रखमाबाई? अकराव्या वर्षी लग्न लावलेली मुंबईची मुलगी. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाली. नवऱ्याने 1884 साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1887 साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. संमतिवयाचा कायदा 1891 साली आला, त्यामागच्या वादळात या खटल्याचा वाटा मोठा होता. पुण्याच्या ‘केसरी’ने तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठवली होती. समाजसुधारणा सगळी पुण्यात झाली म्हणे.

ओसाड बेटांचं दोन ओळींत उरकतो. 1661 च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांच्या राजाला मिळाली आणि 1668 साली त्याने ती वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली, हे खरं. पण समोर घारापुरीची लेणी, बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी, माहीमला पंधराव्या शतकातल्या मखदूम फकीह अली माहिमींचा दर्गा. आणि कोळ्यांची मुंबादेवी काय कंपनीने आणली?

सिनेमाबद्दल काय बोलायचं. फाळक्यांचा चित्रपट 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हापासून कोणी ना कोणी पिढी बिघडल्याचं सांगतंच आहे.

शेवटचा मुद्दा, मुंबई मराठी नव्हतीच. भांडवल पारशी, गुजराती, भाटिया शेठांचं होतं, त्यात वाद नाही. अरबी, तेलुगू, कोकणी बोलणारे गल्लोगल्ली होते, ते तर या शहराचं वैभव. पण 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या कोणी खाल्ल्या? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. हुतात्म्यांची नावं काढून वाचा, त्यात गिरणगाव किती आहे ते दिसेल.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत कोणी काही बोललं नाही, फक्त मामाने अंगठा दाखवला. चार वाजता मावशीचा मेसेज आला. ‘मी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता रे तो. पखवाज अजून माळ्यावर आहे, कातड्याची पुडी फाटलीय. लालबागला पुडी बदलून देणारा कोणी उरलाय का बघ.’