सबस्क्रिप्टमधला ‘क’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं: लेटेक या गणित छापण्याच्या टंकजुळणी प्रणालीत बरोबरच्या (=) चिन्हावर छोटा ‘क’ बसवायला मी रेजबॉक्सने (मजकूर वर उचलणाऱ्या आज्ञेने) १.२ ईएक्स (एक ईएक्स म्हणजे साधारण ‘x’ अक्षराची उंची) उचला म्हणालो, आणि तुमच्या प्रबंधात हे चिन्ह सबस्क्रिप्टमध्ये (ओळीखालच्या लहान अक्षरांत) गेल्यावर वाट लागली. ‘सगळं व्हीसेंटरमध्ये (पेटी उभ्या दिशेने मध्यात आणणाऱ्या आज्ञेत) घाला, हे आधीच सांगायचं होतंत.’

पहिला दोष कबूल. रेजबॉक्सच्या आतला मजकूर गणिताचा आकार ओळखत नाही, आणि ईएक्स ठरतो तो चालू मजकुराच्या फॉन्टवरून. त्यामुळे सबस्क्रिप्टमध्ये बरोबरच्या रेघा आकसतात, पण ‘क’ होता तेवढाच आणि होता तिथेच, अधांतरी. मी फक्त मोकळ्या ओळीतलं समीकरण तपासलं होतं. आळस, दुसरं काय!

व्हीसेंटरचं मात्र पटलं नाही. एकतर त्यात हबॉक्स (मजकुराची आडवी पेटी) घातला की तोही सबस्क्रिप्टमध्ये आपोआप लहान होत नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच. शिवाय व्हीसेंटर अख्खी पेटी गणिताच्या अक्षावर मध्यात आणतो. कॉम्प्युटर मॉडर्न या लेटेकच्या मूळ फॉन्टच्या १० पॉइंटात हा अक्ष बेसलाइनच्या (अक्षरं बसतात त्या रेघेच्या) २.५ पॉइंट वर असतो; अधिक-उण्याच्या आडव्या रेघा, अपूर्णांकाची रेघ, सगळं त्यावर. ‘क’मुळे पेटी ४ पॉइंटांनी उंच झाली की आतलं सगळं २ पॉइंट खाली घसरतं. मग बरोबरच्या रेघा शेजारच्या अधिकशी जुळत नाहीत. अक्षावर रेघा हव्यात, पेटीचा मध्य नव्हे.

म्हणून बरोबरचं चिन्ह जागचं हलवू नका. फक्त ‘क’ मॅथचॉइसमध्ये (गणिताच्या चार आकारांसाठी वेगवेगळा मजकूर घेणाऱ्या आज्ञेत) चार वेळा लिहा: डिस्प्ले (मोकळ्या ओळीतलं समीकरण) आणि टेक्स्टला (परिच्छेदातलं) १.२ ईएक्स, स्क्रिप्टला (सबस्क्रिप्ट) ०.८५, स्क्रिप्टस्क्रिप्टला (सबस्क्रिप्टचा सबस्क्रिप्ट) ०.६. लेटेकच्या १० पॉइंटात हे आकार १०, ७ आणि ५ पॉइंट असतात, त्याच प्रमाणात हे आकडे काढलेत. ‘क’चा टंकही प्रत्येक वेळी तसाच लहान करायचा. बाहेरून मॅथरेल (हे बरोबरसारखं संबंधचिन्ह आहे असं सांगणारी आज्ञा) हवंच, नाहीतर दोन्ही बाजूंची मोकळी जागा जाते. (अ‍ॅम्समॅथ या लेटेकच्या पॅकेजमधला, चिन्हावर चिन्ह बसवणारा ओव्हरसेट बहुतेकांना पुरेल. मला ‘क’ आणि रेघांमधली फट कमी करायची होती, म्हणून हा खटाटोप.)

परिच्छेदातल्या ओळी फाकतात, हेही लिहिलंत. ‘क’ला स्मॅश लावा, टेकला (लेटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला) त्याची उंची शून्य वाटते. पण छापील पान एकदा डोळ्यांखालून घाला: वरच्या ओळीत नेमका ‘कु’ आला, तर त्याचा उकार थेट आपल्या ‘क’च्या शिरोरेषेवर आपटतो.