‘फी स्कॉलरशिप मिळाल्यावरच द्या’ म्हणणाऱ्यांना आधी नाही म्हणा

टेनिस आणि पोहण्याच्या पालक-ग्रुपांवर एका एजन्सीच्या जाहिरातीचा फॉरवर्ड फिरतोय. परवा तो वहिनींकडून आला, खाली एकच प्रश्न: ‘नाव नोंदवू का?’ मजकूर थोडक्यात असा: राज्यस्तरीय खेळाडूंना अमेरिकन कॉलेजात १००% स्पोर्ट्स स्कॉलरशिप, आयव्ही लीगच्या नामांकित विद्यापीठांतसुद्धा. कुठलाही खेळ चालेल. एसएटी ही प्रवेशपरीक्षा नको. शिकता शिकता एनआयएलमधून (नाव-छबी वापरू देऊन) लाखोंची कमाई. आधी एक पैसा भरायचा नाही. स्कॉलरशिप मिळाली की रकमेच्या १०% फी. फक्त १२ जागा शिल्लक, रविवारपर्यंत.

यात सगळ्यांना आवडलेलं वाक्य म्हणजे ‘आधी एक पैसा नाही’. काम झालं तरच पैसे, मग धोका कसला? धोका नेमका तिथेच आहे.

अमेरिकन कॉलेजांतला बहुतेक खेळ एनसीएए या संघटनेच्या नियमांनी चालतो. तिच्या तीन गटांपैकी सगळ्यांत वरच्या डिव्हिजन वनच्या नियमावलीतलं १२.३.३ हे कलम वाचा. खेळाडूला आर्थिक मदतीसह कॉलेजात जागा मिळवून देण्यासाठी जो मोबदला घेतो, तो एजंट धरला जातो आणि एजंट ठेवला की खेळाडूची पात्रताच अडचणीत येते. त्याच कलमात पुढे सूटही आहे. खेळाडूचे गुण, रेकॉर्ड, उंची-वजन कॉलेजांपर्यंत पोचवणारी सेवा वापरता येते, पण तिची फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. म्हणजे ठरलेली फी आगाऊ घेणारी संस्था नियमात बसते आणि ‘मिळाली तरच द्या’ म्हणणारी बसत नाही. आपल्या व्यवहारबुद्धीला हे उलटं वाटतं, म्हणूनच ही जाहिरात खपते.

‘कोणाला कळणार आहे?’ असं म्हणाल तर विचारणारी जागाही ठरलेली आहे. डिव्हिजन वन किंवा टूमध्ये खेळायचं तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खातं उघडावं लागतं. तिथे शाळेच्या गुणांखेरीज हौशीपणाची (खेळाडू व्यावसायिक नाही ना, याची) प्रश्नावली असते: बक्षिसाची रक्कम, करार, एजंट, सगळं. खरं लिहिलं तर चौकशी लागते. खोटं लिहिलं तर तो स्वतंत्र गुन्हा आणि सही मुलाची असते, एजन्सीची नव्हे. ऑगस्टमध्ये दाखल होणाऱ्यांची अंतिम तपासणी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर मागता येते. घोळ तेव्हा निघाला तर दुसरं कॉलेज शोधायला वेळच उरत नाही.

आता १००%. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं देत नाहीत. तिथली मदत घरची ऐपत बघून मिळते. कोचचा पाठिंबा प्रवेशाला उपयोगी पडतो, फी माफ करायला नाही. डिव्हिजन वनमध्येही पुरुषांच्या अख्ख्या टेनिस संघाला वर्षानुवर्षं साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्याच आठ-दहा जणांत वाटल्या जायच्या. जुलै २०२५ पासून खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि खेळाडूंच्या संख्येची आली: टेनिसला १०, पोहण्याला ३०. कागदावर आता दहाही जणांना पूर्ण पैसे देता येतात. पण मर्यादा उठली म्हणून टेनिस कोचची तिजोरी भरली असं नाही. त्याच तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आणि तो पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो.

समजा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर आहे आणि कोचने ४०% देऊ केले. उरले ३६,०००, आणि आय-२० (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र) मिळण्याआधी पहिल्या वर्षाची ही रक्कम दाखवावी लागते. पूर्ण मिळाली तरी राहण्या-जेवणाच्या भागावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचा साधारण १४% कर कापला जातो. कोचने दिलेल्या २४,०००वर एजन्सीचे १०% म्हणजे वर्षाला २,४००, चार वर्षांचे ९,६०० डॉलर. तेवढ्यात काय काय होतं याचा हिशोब घरीच करा.

‘राज्यस्तरीय’ हा शब्द तिकडच्या कोचला काही सांगत नाही. टेनिसमध्ये तो यूटीआर हे रेटिंग बघतो, पोहण्यात वेळ. त्यातही मेख अशी की कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या तलावात होतात, आपल्या ५० मीटरच्या नव्हे. नुसतं ‘१०० फ्री ५६.४’ लिहिलं की वाचणारा तो यार्डातला, म्हणजे संथ, आकडा समजतो आणि मेल बंद करतो. पुढे ‘५० मीटर तलाव’, स्पर्धा आणि तारीख लिहा. टेनिसचा व्हिडिओ बेसलाइनमागच्या कुंपणावरून, उंचावरून काढलेला हवा. दहा-पंधरा मिनिटांचे सलग पॉइंट, हरलेलेही. गाणं लावू नका. मेलच्या विषयातच बारावीचं वर्ष, खेळ आणि रेटिंग द्या, आणि असिस्टंट कोचलाही पाठवा. पहिली चाळणी बहुतेकदा तोच करतो.

उत्तर येत नाही म्हणून दहावीतलं पोर खचतं आणि आईबाप एजन्सीकडे धावतात. टेनिस, पोहणं धरून बहुतेक खेळांत दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचला भरतीबद्दल लिहायला बंदी आहे. मुलाने मेल केला तर चालतो. तिकडून फार तर कॅम्पचं पत्रक किंवा प्रश्नावली येते. ही शांतता म्हणजे नकार नव्हे.

एसएटीचं अर्धं खरं आहे, मान्य. २०२३ पासून एनसीएए पात्रतेसाठी ती मागत नाही. पण प्रवेश कॉलेज देतं, आणि एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी परीक्षा परत सक्तीची केली आहे. खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. डिव्हिजन वनसाठी एनसीएए नववी ते बारावीत १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय, एक वर्ष म्हणजे एक) मोजते. त्यात इंग्रजीची चार आणि गणिताची तीन हवीत. आपल्याकडे अकरावीला पीसीबी घेऊन गणित सोडलं, की नववी-दहावीची दोनच हाती उरतात. अकाउंट्स मुख्य विषयांत धरत नाहीत. म्हणजे हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या त्या धावपळीत होतो, जेव्हा खेळाचं कोणाच्या डोक्यातही नसतं. नववी आणि अकरावीच्या मार्कशीट जपा. शाळा एक आणि ज्युनिअर कॉलेज दुसरं असल्यावर त्याच हरवतात.

‘कुठलाही खेळ’ तर धादांत खोटं. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन यांच्या एनसीएए स्पर्धाच नाहीत. स्क्वॉश आहे, पण तो कॉलेज स्क्वॉश असोसिएशनकडे, आणि त्यातली बलाढ्य नावं बरीचशी आयव्हीची किंवा ट्रिनिटीसारख्या डिव्हिजन थ्री कॉलेजाची. तिथे भारतीय मुलं खेळतात, चांगली खेळतात, पण खेळाच्या स्कॉलरशिपवर नाही.

एनआयएल म्हणजे नाव, छबी वापरू देऊन मिळणारे पैसे. अमेरिकन मुलाला ते खुले आहेत. एफ-१ व्हिसावरच्या मुलाला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि दुकानासाठी रील करणं हे काम धरलं जाऊ शकतं. त्यात खेळ नव्हे, व्हिसाच जातो. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय यात पडू नका.

एक गोष्ट मात्र खरी आहे, नाइलाजाने लिहितो: डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत. दार उघडं आहे. पण त्याच दाराशी स्पेन, फ्रान्स, ब्राझीलची मुलंही उभी आहेत.

राहिल्या त्या ‘१२ जागा’. संघातली जागा कोच देतो, आणि त्याने तोंडी दिलेला शब्दही लेखी करार होईपर्यंत दोन्ही बाजूंना बांधत नाही. या बारा जागा कुठल्या कॉलेजच्या, कुठल्या कोचने ठेवल्यात, एवढंच त्या नंबरवर विचारा, वहिनी. उत्तर आलं तर तेही फॉरवर्ड करा.