व्हेडर, सॉरॉन आणि रावण एकाच साच्यातले नाहीत

व्हॉट्सअॅप ग्रुपपासून पटकथालेखनाच्या वर्गांपर्यंत एक दावा सगळीकडे फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: जगातल्या सगळ्या पुराणांत मुळात एकच कथा आहे, जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन पुराणकथा-अभ्यासकाने ती १९४९ साली आपल्या पुस्तकात उलगडून दाखवली, आणि आजच्या फँटसी-सायन्स फिक्शनमधले सगळे खलनायक हे एकाच आदिम खलनायकाचे मुखवटे आहेत. ‘स्टार वॉर्स’चा डार्थ व्हेडर कॅम्पबेलवरून बेतला, टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॉरॉन म्हणजे बायबलमधला सैतान, आणि आपल्याकडच्या आवृत्तीत पुढे जोडलेलं असतं की हे सगळे शेवटी रावणच. जाता जाता असंही सांगितलं जातं की जुने खलनायक निव्वळ दुष्ट असायचे, त्यांना मन दिलं ते आधुनिक लेखकांनी.

मला ही पात्रं मनापासून आवडतात, म्हणूनच हा दावा खटकतो. ती घडवणारी माणसं आणि त्यांची मेहनत त्यात पार पुसली जाते.

आधी व्हेडर, कारण पुरावा म्हणून पहिलं नाव त्याचंच पुढे केलं जातं. ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज लुकास याने कॅम्पबेल वाचला होता आणि त्याचं ऋण तो उघडपणे मानतो. कॅम्पबेलच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये प्रसारित झालेली त्याची गाजलेली मुलाखतमालिकाही बरीचशी लुकासच्याच स्कायवॉकर रँचवर चित्रित झाली. इथवर सगळं खरं. पण व्हेडरमधली सगळ्यात ‘पौराणिक’ गोष्ट कोणती? तो नायक ल्यूकचा बाप निघतो, ही. आता दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा बघा. तो ली ब्रॅकेट या लेखिकेने लुकासशी झालेल्या चर्चांनंतर लिहिला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये हातावेगळा केला. त्यात व्हेडर ल्यूकचा बाप नाहीच. ल्यूकचे वडील वेगळेच आहेत, मेलेले आहेत आणि भूत होऊन मुलाला भेटायला येतात. ब्रॅकेट पुढच्याच महिन्यात वारली. नंतरचा खर्डा लुकासने स्वतः लिहायला घेतला आणि तिथे बाप आणि खलनायक एक झाले. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ल्यूकचा गुरू ओबी-वान त्याला स्पष्ट सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं. १९८३ मध्ये त्याच ओबी-वानला सारवासारव करावी लागते, की मी म्हणालो ते एका अर्थी खरंच होतं. बापाची ही कल्पना कॅम्पबेलच्या साच्यातून तयार उतरली असती, तर हे ठिगळ लावावं लागलं नसतं.

त्याच्या मुखवट्याचंही तसंच. मृत्यूचं आदिम रूप, चेहरा हरवलेला पिता, वगैरे वगैरे त्यावर लिहिलं गेलंय. प्रत्यक्षात चित्रकार राल्फ मॅक्वॉरीने सुरुवातीची चित्रं काढताना एक साधी अडचण हेरली. संहितेत व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून येतो, मग श्वास कसा घेणार? म्हणून त्याने श्वसनाचा मुखवटा काढला. पुढे ध्वनी संयोजक बेन बर्टने पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वसनयंत्राचा आवाज रेकॉर्ड करून त्याला तो श्वास दिला. आज तो श्वास ऐकू आला की अंगावर काटा येतो, तो या माणसांच्या हातगुणामुळे.

सॉरॉनची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता, आणि सॉरॉनचा धनी मेल्कोर याच्यावर पतित देवदूताची छाया आहे, हे मान्य करायलाच हवं. पण सॉरॉन त्या छायेतून सरळ उतरलेला नाही. १९१७ च्या सुमारास टॉल्किनने बेरेन आणि टिनूव्हिएल या प्रेमिकांची कथा प्रथम लिहिली, तेव्हा पुढे सॉरॉनकडे गेलेली जागा टेव्हिल्डो नावाच्या मांजरांच्या राजाकडे होती. गळ्यात सोन्याचा पट्टा घातलेला अवाढव्य बोका! कैदी बेरेनला तो स्वयंपाकघरात राबवतो. शेवटी ह्युआन नावाचा कुत्रा त्याला हरवतो आणि मंत्र तुटल्यावर मांजरं लहान होतात. पुढच्या लेखनात बोका गेला, त्या जागी थू नावाचा मांत्रिक आला, आणि त्यातून सॉरॉन. या वाटेवर बायबलमधला सैतान नेमका कुठे भेटतो, हे दावा करणाऱ्यांनी दाखवावं.

शिवाय टॉल्किनने एका टिपणात स्वच्छ लिहिलंय की माझ्या कथेत मी निरपेक्ष दुष्टत्व हाताळत नाही, तसं काही असतं असंच मला वाटत नाही. सॉरॉनबद्दल तो म्हणतो, की व्यवस्था आणि नीटनेटकेपणाची आवड हा त्याचा मूळचा गुण होता, गोंधळ आणि नासाडी त्याला खपत नसे. म्हणजे हा गडी बिघडला तो शिस्तीच्या हौसेतून. दोन महायुद्धं पाहिलेल्या माणसाला सुचलेला हा खलनायक आहे. सैतानाचं लेबल लावलं की वाचकाच्या हातून नेमकं हेच निसटतं.

आता रावण. रावणाला सैतान किंवा व्हेडर म्हणणाऱ्याने जय-विजयाची कथा विसरून चालणार नाही. वैकुंठाचे हे द्वारपाल शापामुळे तीन जन्म विष्णूचे वैरी होतात: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. तिसऱ्या जन्मानंतर ते आपल्या जागी परत जातात. इथे वैर हीच परतीची वाट आहे. इंग्रज कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या सैतानाला परतीचं दार बंद आहे, आणि सॉरॉन तर शेवटी वाऱ्यावर विरून जाणारी सावली उरतो. तिघांना एका ओळीत बसवायचं तर प्रत्येकाचा शेवटच कापून टाकावा लागतो, आणि कथेचा अर्थ तर बहुतेकदा शेवटातच असतो.

एक साम्य मात्र मलाही हलवतं. रावण पडल्यावर त्याचा अंत्यविधी करायला बिभीषण कचरतो, तेव्हा राम म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’. ल्यूकही बापाची चिता स्वतः पेटवतो. पण राम शत्रूला त्याचा मान देतो आणि ल्यूक परत मिळालेल्या बापाला निरोप देतो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघण्यात आनंद आहे. एकातून दुसरा आला असं म्हणायला पुरावा नाही.

मग कोणीतरी मानसशास्त्रज्ञ युंगला मध्ये आणतं: खलनायक म्हणजे नायकाची ‘सावली’, आणि ती सगळ्यांच्या मनात असतेच. उदाहरण म्हणून अर्सुला ले ग्विनची १९६८ ची अर्थसीची पहिली कादंबरी देतात, जिच्यात नायक गेड स्वतःच्याच सावलीशी झुंजतो. ले ग्विनने सांगितलंय की तेव्हा तिने युंग वाचलेला नव्हता. यावर उत्तर येतं, की बघा, न वाचताही तेच सुचलं! लुकासने वाचलं म्हणून पुरावा, ले ग्विनने वाचलं नाही म्हणूनही पुरावा. काहीही झालं तरी जो सिद्धांत जिंकतो, त्याने एखादं पात्र कसं समजणार?

मार्व्हलचा खलनायक थॅनोस याच्याकडे बघा. जिम स्टार्लिनने १९७३ मध्ये तो कॉमिक्समध्ये आणला. १९९१ च्या कथेत तो निम्मं विश्व मारतो ते साक्षात मृत्यूदेवीला खूश करायला. २०१८ च्या चित्रपटात तोच, तेवढीच कत्तल करतो, पण कारण देतो साधनं अपुरी आणि तोंडं फार. एक प्रेमवेडा, दुसरा हिशेबी. आदिरूप दोघांचं एकच धरलं, तर हा फरक कशाने समजावणार?

आणि जुने खलनायक बिनमनाचे होते म्हणे! महाभारताच्या शेवटच्या पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर दुर्योधन तेजाने झळकत बसलेला दिसतो. धर्मराजाचा संताप होतो. याहून अवघड प्रसंग आजच्या किती लेखकांनी लिहिलाय? मिल्टनचा सैतान १६६७ चा, आणि मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस तर मिल्टन स्वतः वाचतो आणि आपल्या निर्मात्याला सुनावतो, की मी तुझा आदम व्हायचो, झालो पतित देवदूत. या मुद्द्यावर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

शेवटचा मुद्दा परग्रहवासीयांचा. ते म्हणे जुन्या असुरांचंच नवं रूप. एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीवरच्या १८९८ च्या कादंबरीचं पहिलं प्रकरण उघडा. मंगळवाल्यांना दोष देण्याआधी आपण काय केलं ते आठवा, असं सांगून तो युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा केलेला संहार समोर ठेवतो. मंगळवाले असे वागतात कारण साम्राज्यं अशीच वागत होती. आणि त्यांना कोणी नायक मारत नाही. ते सूक्ष्म जंतूंनी मरतात, कथा सांगणारा तोवर लपतछपत, अर्धवट भानावर, जीव वाचवत हिंडत असतो.