खुलासा: वीज गेली म्हणून मेट्रोचे ब्रेक जात नाहीत

‘भुयारी मेट्रो विजेवर चालते, म्हणजे वीज गेली की ब्रेक फेल, दारं बंद आणि आत गुदमरायचं’ असा एक मेसेज फिरतो आहे. मुंबईच्या मेट्रो-३ चा फोटो जोडलाय, त्यामुळे खरा वाटतो. पण ब्रेकची गोष्ट नेमकी उलटी आहे.

एरवी थांबताना मोटारीच जनित्र होतात, गाडीचा वेग कमी होतो आणि तयार झालेली वीज तारेत परत जाते. ही सोय वीजपुरवठा तुटल्यावर मिळेलच असं नाही, आणि मेसेजवाल्याचा गोंधळ बहुधा इथेच झाला असावा. मात्र प्रत्येक डब्याला हवेच्या दाबावर चालणारे वेगळे ब्रेक असतात. आपत्कालीन ब्रेकचं सर्किट तर असं बांधलेलं असतं, की त्यात वीज असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. वीज तुटली की ते आपोआप लागतात.

दिवे, उद्घोषणा आणि हवा खेळती ठेवणारे पंखे काही काळ बॅटरीवर चालतात. एसीचा गारवा मात्र जातो, उकडेल हे खरं.

मेसेजमधला ‘रुळाशेजारच्या करंटचा’ इशाराही मेट्रो-३ ला लागू नाही. तिथे २५ हजार व्होल्टची वीज डोक्यावरून येते. तरीही आपल्या मनाने दार उघडून बोगद्यात उतरू नका. कर्मचारी सांगतील तेव्हाच, सांगतील त्या बाजूने उतरा.